लाल फुग्यामागचा माणूस

पाळीव कुत्रे यावे तसा एक लाल फुगा शाळकरी पोराच्या मागेमागे हिंडतो, एवढीच 'द रेड बलून'ची गोष्ट. आल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५६ सालचा हा चित्रपट जेमतेम ३४ मिनिटांचा. नायक त्याचाच मुलगा पास्कल आणि मागे पॅरिसमधली मेनिलमोंतांची करडी वस्ती. संवाद नावालाच, तरी पटकथेला ऑस्कर! मला मात्र शेवट अजूनही अस्वस्थ करतो. टवाळ पोरे फुगा फोडतात. मग शहरभरचे फुगे धावून येतात आणि पास्कलला आकाशात घेऊन जातात. ही सुटका म्हणावी की निरोप?

लामोरिसला जमिनीवर करमत नसावे. हेलिकॉप्टरमधून हादऱ्यांविना चित्रण करता यावे म्हणून त्याने 'हेलिव्हिजन' ही यंत्रणा तयार केली. ('रिस्क' हा जगप्रसिद्ध बैठा खेळही मुळात याच गृहस्थाचा!) १९७० साली इराणच्या वाऱ्यांवरचा चित्रपट टिपताना, करजच्या धरणाजवळ त्याचे हेलिकॉप्टर कोसळले. वय अवघे ४८. राहिलेला चित्रपट त्याच्या टिपणांवरून पत्नीने आणि पास्कलने १९७८ साली पुरा केला.