फ्रँक स्प्रेग: लिफ्ट आणि लोकल, दोन्हीमागचा इंजिनिअर

लिफ्ट म्हटलं की ओटिस हे नाव आठवतं. पण विजेवरची लिफ्ट उंच इमारतींत खऱ्या अर्थाने आणली ती फ्रँक स्प्रेगने, आणि त्याचं नाव कुठल्याच दारावर दिसत नाही. मी कोलशेतला बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि ठाण्याहून रोज लोकल पकडतो. म्हणजे सकाळच्या पहिल्या तासातच या माणसाशी माझा दोनदा संबंध येतो.

स्प्रेगचा जन्म 1857 चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. लहानपणीच आई गेली, आत्याने वाढवलं. नौदलाच्या अकादमीतून 1878 ला बाहेर पडला. 1883 मध्ये एडिसनकडे नोकरीला लागला, पण एडिसनचा जीव दिव्यांत आणि याचा मोटरमध्ये! वर्षभरात नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. 1888 मध्ये रिचमंड शहरात त्याने विजेवरची ट्राम यशस्वी करून दाखवली. त्या कामात त्याला तोटा झाला, नाव मात्र झालं. ते नावही टिकलं नाही. 1890 मध्ये एडिसनच्या कंपनीने त्याची कंपनी घेतली आणि यंत्रांवर एडिसनचं नाव लागलं. स्प्रेग वैतागून बाहेर पडला आणि लिफ्टकडे वळला.

तेव्हा उंच इमारतींत पाण्याच्या दाबावरच्या लिफ्टचं राज्य होतं. स्प्रेगच्या विजेच्या लिफ्ट 1894 मध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टल टेलिग्राफ इमारतीत चालू लागल्या.

मोटर बाहेरून फिरवली की तीच जनरेटर होते, हे त्याने रेल्वेवरच्या प्रयोगांत आधीच वापरलं होतं. आजच्या लिफ्टमध्ये हे कसं चालतं बघा. दोराच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. काउंटरवेटचं वजन साधारण केबिन अधिक निम्मी माणसं एवढं ठेवतात. म्हणून सहा-सात जण आत असले की मोटरला फारसं काही उचलावंच लागत नाही. रिकामी लिफ्ट वर जाते तेव्हा तर काउंटरवेटच तिला ओढतं आणि मोटरला ब्रेकचं काम करावं लागतं. जुन्या लिफ्टमध्ये ही ऊर्जा रेझिस्टर तापवण्यात जाते. रिजनरेटिव्ह ड्राइव्ह असेल तर ती वीज होऊन इमारतीच्या वायरिंगमध्ये परत येते.

हिशोब करून पाहिला. 13 माणसांची, 884 किलोची लिफ्ट रिकामी माझ्या मजल्यावर आली, तर 442 किलो जादा वजन साधारण 66 मीटर खाली उतरतं. कागदावर 80 वॉट-तास. 5000 एमएएचचा फोन चार वेळा चार्ज होईल एवढं! घर्षणात आणि मोटरमध्ये थोडं जातं. शिवाय ही वीज फुकटची नाही, काउंटरवेट आधी वर चढवायला खर्चलेलीच आहे. पण दिवसभराच्या फेऱ्या मोजल्या की फरक सोसायटीच्या बिलात दिसतो.

1895 मध्ये स्प्रेगने लिफ्टचा धंदा ओटिसला विकला. लिफ्ट बनवताना मात्र त्याला एक गोष्ट सुचली होती: लांबून, बारीक तारेवरून मोठ्या मोटरला हुकूम देता येतो, तर गाडीच्या अनेक डब्यांत मोटर बसवून सगळ्या एकाच माणसाने का चालवू नयेत? 1897 मध्ये शिकागोच्या रेल्वेसाठी त्याने ते केलं. चाचणीत सहा डब्यांची गाडी त्याच्या शाळकरी मुलाने चालवली.

स्प्रेग 1934 मध्ये गेला. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेली आपली पहिली विजेची लोकल याच पद्धतीची होती. आजही मोटरमन एकच असतो, मोटरचे डबे गाडीभर विखुरलेले. आणि आताच्या रेक ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत पाठवतात.