जेम्स यूइंग : हाडाच्या कर्करोगाला नाव देणारा शास्त्रज्ञ

मांडीच्या हाडाला जंतुसंसर्ग झाल्याने वयाच्या चौदाव्या वर्षी अंथरुणाला खिळलेला एक मुलगा पुढे हाडांच्या कर्करोगाचा थोर अभ्यासक झाला. जेम्स यूइंग यांचा जन्म २५ डिसेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. सुमारे दोन वर्षांनी ते उठून बसले. पायातील लंगडेपणा मात्र जन्मभर राहिला.

१८९१ मध्ये न्यूयॉर्क येथे वैद्यकीय पदवी घेतल्यावर १८९९ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी स्वतःला संशोधनाला वाहून घेतले. खाण उद्योजक जेम्स डग्लस यांच्या साहाय्याने मेमोरियल रुग्णालयाला कर्करोगाचे केंद्र बनवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१९ मध्ये त्यांचा अर्बुदांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

१९२१ मध्ये त्यांनी हाडाच्या एका वेगळ्या अर्बुदाचे वर्णन केले. हाताच्या हाडाला गाठ असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीवर रेडियमचा उपचार होताच ती गाठ झपाट्याने विरघळली. नेहमीचा अस्थिकर्करोग असा विरघळत नसे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून हे अर्बुद उगवते, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. अर्बुदाला त्यांचे नाव मात्र कायमचे मिळाले.

या रोगाची फसवणूक विलक्षण आहे. ताप, सूज, वेदना ही त्याची लक्षणे हाडातील पुवाची वाटतात, म्हणजे यूइंग यांना बालपणी जडलेल्या दुखण्याचीच. निदान चुकले, तर कर्करोगाचा रुग्ण उपचारांवाचून राहतो किंवा वाचू शकणारा अवयव कापला जातो. गाठ कापून तुकडा काढल्यास रोग पसरेल, अशी यूइंग यांना धास्ती होती. त्यांच्याच रुग्णालयात हेज मार्टिन आणि तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये दुसरा मार्ग दाखवला : त्वचा बधिर करून सुई गाठीत शिरवायची, पिचकारीचा दट्ट्या ओढून पेशी काढायच्या आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पुढच्याच वर्षी ब्रॅडली कोली व सहकाऱ्यांनी ही पद्धत हाडांच्या गाठींसाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. हाडाचे कवच पोखरून बाहेर आलेल्या गाठीत सुई सहज शिरते.

१६ मे १९४३ रोजी मूत्राशयाच्या कर्करोगाने यूइंग यांचे निधन झाले. आता जाड सुईने काढलेल्या बारीक तुकड्यावरूनच या रोगाचे निदान बहुधा होते. अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांमधील अदलाबदल त्याची खूण पटवते. सुईची वाटही पुढील शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेतच आखली जाते, म्हणजे तिच्या मार्गात सांडलेल्या पेशी गाठीबरोबर काढता येतात. त्यांच्या मनातील जुनी धास्ती अशा रीतीने नियम बनून आजही रुग्णाचे रक्षण करते.