वाल्डेमार हाफकिन
वाल्डेमार हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते.

मुंबईतील कार्य
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. रुग्णालयात नेलेल्यांना मारून टाकतात, अशा अफवा पसरल्या व २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्याच महिन्यात मुंबईत आलेल्या हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगात स्वेच्छेने लस घेतलेल्या कैद्यांची तुलना त्यांनी लस न घेतलेल्यांशी केली.

मुल्कोवाल प्रकरण
३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दोषी ठरविले व त्यांना पद गमवावे लागले. मात्र मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही हा रोग झाला नाही. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरल्याचेही साक्षीत नमूद होते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी या पुराव्यांच्या आधारे त्यांची जाहीर बाजू घेतली. अखेर ते दोषमुक्त होऊन भारतात परतले.

सन्मान
परळ येथील प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.