निसर्गरक्षक हुमायून अब्दुलअली

डॉ. सालिम अली यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. त्यांचेच आप्त व पक्षिशास्त्रातील तितकेच साक्षेपी अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत. पक्ष्यांसंबंधी त्यांनी विपुल लेखन केले. परंतु आम्हां कोकणवासीयांवर त्यांचे जे विशेष ऋण आहे, ते बेडकासारख्या क्षुद्र मानिलेल्या प्राण्यामुळे.

अब्दुलअली यांचा जन्म १९ मे १९१४ रोजी जपानातील कोबे या बंदरी झाला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. तरुणपणी त्यांस शिकारीचा मोठा नाद होता. ते व्यवसायाने व्यापारी होते. तथापि उरलेला सर्व वेळ त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस वाहिला. काही वर्षे ते तिचे मानद सचिव होते. संस्थेच्या संग्रहातील हजारो पक्ष्यांची तपशीलवार सूची त्यांनी १९६८ पासून सदतीस भागांत प्रसिद्ध केली. अंदमान-निकोबार बेटांवर त्यांनी अनेक सफरी केल्या. त्यांनी ग्रेट निकोबारहून आणिलेल्या घुबडाच्या नमुन्यांवरून पुढे १९९८ साली एक नवीच जात जगास कळली.

बंदूक हाती धरणाऱ्यासच शिकार कोठे थांबवावी हे नेमके कळते, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्याच्या घडणीत अब्दुलअलींचा मोठा वाटा होता. आपला जिल्हा त्या काळी रत्नागिरीत मोडत असे व रत्नागिरी मुंबई राज्यात. म्हणून तो कायदा आपल्या रानांसही लागू झाला. १९७२ च्या अखिल भारतीय कायद्यास त्याचा आधार मिळाला.

आता बेडकांविषयी. परदेशांत बेडकाच्या मागील तंगड्या मोठ्या चवीने खातात. भारतातून त्या गोठवून पाठविण्याचा व्यापार इतका वाढला की, १९८१ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षी, चार हजार टनांहून अधिक तंगड्या देशाबाहेर गेल्या. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर विणीसाठी डरांव डरांव करीत बाहेर पडणारे मोठे बेडूक रात्री दिव्याच्या उजेडात पकडले जात. परकीय चलन मिळते, म्हणून पुष्कळांस हा लाभच वाटे.

अब्दुलअलींनी हिशेबाची दुसरी बाजू पुढे मांडली. भाताच्या कुणग्यांत बेडूक किडे व लहान खेकडे खाऊन शेतकऱ्याची चाकरी फुकट करितो. तो नाहीसा झाला म्हणजे विषारी औषधे विकत आणावी लागतात. मग मिळाले किती व गेले किती? हा प्रश्न त्यांनी लेखांतून नेटाने लावून धरिला. १९८५ साली दोन जातींचे मोठे बेडूक वन्यजीवांच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आले, आणि १९८७ साली भारत सरकारने निर्यातच बंद केली. मात्र खाणाऱ्यांची जीभ तीच राहिली. व्यापार इंडोनेशियाकडे वळला. एका देशाचा नियम पुरेसा नसतो, हा धडा त्यातून मिळतो.

कोणी विचारील, कोंबड्यांप्रमाणे बेडूक पाळून का विकू नयेत? या मोठ्या बेडकाची पिले एकमेकांसही खातात, व मोठ्यांस हलते जिवंत भक्ष्यच लागते. म्हणून पाळण्यापेक्षा शेतातून पकडणेच स्वस्त पडते. नामशेष होऊ लागलेली जात वाचविण्यासाठी पैदास करणे, ही गोष्ट मात्र निराळी. टांझानियातील किहान्सी धबधब्याचे चिमुकले भेक २००० साली अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढविले गेले. पुढे ते रानातून पार नाहीसे झाले, तेव्हा २०१२ पासून त्या संततीतूनच ते पुन्हा स्वस्थानी सोडण्यात आले. परंतु त्यासाठी तेथे कृत्रिम तुषारांची सोय करावी लागली; धरणाने नेलेले पाणी काही परत आले नाही.

आपल्या आंबोलीच्या सड्यावर असाच एक लहान भेक आहे. २००९ साली तो शास्त्रास ज्ञात झाला, आणि अतिसंकटग्रस्त जातींत त्याची गणना होते. कातळावरच्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. तो कातळच फोडला, तर काचेच्या पेटीत पिले वाढवून ती सोडावयाची कोठे?

अब्दुलअली ३ जून २००१ रोजी मुंबईत निवर्तले. पावसाळ्यात चार पैशांच्या आशेने बेडूक धरणाऱ्या गरिबास केवळ दंडाचे भय घालून भागणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यास अब्दुलअलींचा हिशेब समजावून द्यावयास हवा. आमच्या विद्यार्थ्यांनी या पावसाळ्यात आपल्या कुणग्यातील बेडकांचे आवाज ऐकावेत, जाती ओळखाव्यात आणि तारीखवार टिपून ठेवावे. वडीलमंडळींनीही त्यांस रात्री कंदील धरून सोबत करावी, एवढीच आमची विनंती.