बाळशास्त्री जांभेकर : जुनी विद्या आणि नवी विद्या

मराठी वृत्तपत्रांचे जनक म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांचें नांव शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक असतें. दरवर्षीं ६ जानेवारीस महाराष्ट्रांत पत्रकार-दिन पाळतात, तो त्यांच्या ‘दर्पण’ पत्राच्या पहिल्या अंकाच्या स्मरणार्थ होय. परंतु वृत्तपत्र हा त्यांच्या कर्तृत्वाचा एक भाग झाला. वडिलार्जित धर्मविद्या आणि समुद्रापलीकडून आलेलें नवें ज्ञान यांची गांठ मुंबईंत प्रथम पडली त्या काळीं, एकासाठीं दुसऱ्याचा त्याग न करतां दोहोंशीं सचोटीनें वागण्याचा प्रयत्न या पुरुषानें केला, आणि त्यापायीं जें सोसावें लागलें तें सोसलें. त्यांच्या चरित्राचा हाच भाग वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालीं कोंकणांत देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें या गांवीं झाला. वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान् पुराणिक. घरच्या रिवाजाप्रमाणें संस्कृताचें अध्ययन बालपणींच सुरू झालें. तेराचौदा वर्षांचा असतां हा मुलगा मुंबईस आला आणि सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या हाताखालीं इंग्रजी व गणित शिकूं लागला. छत्रे हे मुंबईच्या नेटिव एज्युकेशन सोसायटीचे नेटिव सेक्रेटरी होते. तीच जागा १८३२ सालीं, म्हणजे अवघ्या विसाव्या वर्षीं, शिष्याकडे आली. पुढें लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, फारसी, बंगाली अशा अनेक भाषा त्यांनीं अवगत केल्या.

त्या वेळची मुंबई धर्माच्या वादानें गजबजलेली होती. १८३१ सालीं मोरभट्ट दांडेकर व स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला आणि दोन्हीं बाजूंनीं पुस्तकें निघालीं. एका पक्षास जुनें तें सारें खरें, दुसऱ्यास तें सारें खोटें! अशा दिवसांत, ६ जानेवारी १८३२ रोजीं, गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन यांच्या साहाय्यानें बाळशास्त्र्यांनीं ‘दर्पण’ काढलें. प्रथम पाक्षिक आणि लवकरच साप्ताहिक, असें तें १८४० पर्यंत चाललें. पानावर एका रकान्यांत मराठी व शेजारच्या रकान्यांत इंग्रजी, अशी त्याची मांडणी असे. ही मांडणी म्हणजे संपादकाच्या मनाचेंच चित्र आहे असें प्रस्तुत लेखकास नेहमीं वाटतें. एक रकाना दुसऱ्यास झांकीत नाहीं. ज्यास दोन्हीं भाषा येतात त्यानें ताडून पाहावें.

विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न या पत्रांत निघाला, तेव्हां केवळ दयेच्या नांवानें ही गोष्ट समाजाच्या गळीं उतरणार नाहीं हें बाळशास्त्री जाणून होते. म्हणून गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून त्यांनीं या विवाहास शास्त्राधार दाखविणारें पुस्तक लिहवून घेतलें. बंगाल्यांत ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं असाच मार्ग धरिला तो १८५५ सालीं, म्हणजे बाळशास्त्र्यांच्या पश्चात्.

१८३४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर बसलेले ते पहिले एतद्देशीय अध्यापक. दादाभाई नौरोजी व भाऊ दाजी लाड हे त्यांचे शिष्य होत. १८३७ सालीं त्यांचें ‘शून्यलब्धि’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. आज ज्यास आपण कलनगणित म्हणतों तो त्याचा विषय. दोन राशि एकमेकींवर अवलंबून बदलत असतां, त्यांची वाढ लहान होत होत शून्याकडे गेली म्हणजे त्या वाढींचें प्रमाण कोणत्या किंमतीस येऊन ठेपतें, हें काढणें हा त्या गणिताचा गाभा आहे. ‘लब्धि’ म्हणजे भागाकाराचें उत्तर. हा शब्द आपल्या जुन्या अंकगणितांतला. न्यूटन व लायब्निट्स यांची विद्या मराठींत आली ती अशी भास्कराचार्यांच्या घरच्या शब्दाचें बोट धरून!

भास्कराचार्यांचें नांव येथें उगाच घेतलें नाहीं. पृथ्वी वाटोळी असून कोणत्याही आधारावांचून आकाशांत आहे, हें ११५० सालच्या त्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ ग्रंथांत स्पष्ट सांगितलेलें आहे. शेषाच्या मस्तकावरील पृथ्वी ही पुराणांतली. म्हणजे मतभेद केवळ पूर्व व पश्चिम यांच्यांत नव्हता, तो आपल्याच पोथ्यांत होता. माळव्यांत सिहोर येथें सुबाजी बापू नांवाच्या ज्योतिष्यानें १८३६ सालीं ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हें मराठी पुस्तक लिहून पुराणें, सिद्धांतग्रंथ व कोपर्निकसाचें मत यांची तुलना केली. इकडे मुंबईंत पुराणिकाच्या या मुलानें १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ हें मासिक सुरू केलें आणि भूगोल, रसायन, सृष्टिज्ञान हे विषय सामान्य वाचकापर्यंत नेले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं उभारिली होती. तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमानें होऊं लागल्या. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, आणि हा ढळ दिवसाच्या कोणत्या वेळीं कमी वा अधिक होतो, तें ठराविक वेळीं पाहून लिहून ठेवावयाचें. काम मोठ्या चिकाटीचें. प्रा. ऑर्लिबार यांच्या अनुपस्थितींत या वेधशाळेचें प्रमुखपण कांहीं काळ बाळशास्त्र्यांकडे होतें. त्याच सुमारास कोंकणांतील शिलाहार राजांचे शिलालेख व ताम्रपट ते वाचीत होते, आणि त्यांवरील त्यांचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत येत होते. जुन्या दानपत्राच्या आरंभीं देवाचें स्तवन असतें व शेवटीं दान मोडणाऱ्यास शाप असतो. भाविक तेवढें वाचून हात जोडतो. बाळशास्त्री त्याच ओळींतून शक, राजाची वंशावळ व गांवांचीं नांवें काढीत. त्यांची दृष्टि सुईवर जशी स्थिर राही तशीच अक्षरावर.

परंतु ग्रंथ आणि यंत्रें यांपुढें परीक्षा सोपी असते. खरी परीक्षा १८४३ सालीं आली.

मुंबईंतील मिशनच्या शाळेंत शिकणारा नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण त्या वर्षीं ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपति त्याच्या मागोमाग मिशनरींच्या घरीं राहूं लागला. या मुलाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. पण त्या घरचें अन्न पोटांत गेल्यानें लोकांच्या मतें त्याची जात गेली. बापानें सुप्रीम कोर्टांत अर्ज केला, आणि न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनीं मुलगा अज्ञान आहे असें ठरवून त्यास बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत ही हकीकत सांगतांना संकोच धरण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं मुलास आश्रय दिला त्यांस आपण त्याचें कल्याण करीत आहों असें मनापासून वाटत होतें. बापासही तसेंच वाटत होतें. मुलगा मात्र एकच होता.

कोर्टाच्या हुकुमानें श्रीपति घराच्या उंबरठ्यापर्यंत आला. त्यास पंगतींत बसविणें कोर्टाच्या हातीं नव्हतें. इंग्रजांचा कायदा येथें थांबला आणि धर्मशास्त्राचें काम सुरू झालें. बाळशास्त्र्यांनीं मुलाचा पक्ष घेतला. प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. सोळा वर्षांच्या आंतील मुलास प्रौढापेक्षां निम्में प्रायश्चित्त पुरे, असें स्मृतिकार सांगतात. म्लेंच्छांच्या हातीं सांपडलेल्यांच्या शुद्धीचा विधि देवलस्मृतींत आहे. दार ग्रंथांत उघडेंच होतें, रूढीनें तें लोटून ठेविलें होतें. तरीही शहरांत दोन तट पडले. विरोधकांत मोठीं वजनदार माणसें होतीं, आणि त्यांना केवळ हट्टी म्हणून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. परत येणें सोपें झालें तर जाणेंही सोपें होईल, ही त्यांची भीति असावी. लहान मुलाची कीं साऱ्या समाजाची काळजी आधीं, या प्रश्नास त्यांनीं एक उत्तर दिलें व बाळशास्त्र्यांनीं दुसरें.

श्रीपतीची शुद्धि झाली. परंतु त्याचा पक्ष घेणाऱ्यांवर बहिष्काराचें अस्त्र पडलें, आणि बाळशास्त्री त्यांतून सुटले नाहींत. कॉलेजांतला अध्यापक, सरकारनें १८४० सालीं जस्टिस ऑफ दि पीस केलेला गृहस्थ, पण आपल्याच जातींत शंकास्पद! इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांस अशा प्रसंगीं जातीकडे पाठ फिरविणें सोयीचें वाटलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. शास्त्र्यांशीं भांडावयाचें तें शास्त्रांतच राहून, हा त्यांचा निश्चय होता, आणि ज्यास संस्कृत येत नव्हतें अशा सुधारकास हें भांडण मांडतांच आलें नसतें. थोरला भाऊ नारायण शेषाद्रि ख्रिस्ती धर्मांतच राहिला. पुढें जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत वसवून त्यानें तेथें दीर्घकाळ काम केलें.

१८४५ सालीं बाळशास्त्र्यांनीं ज्ञानेश्वरीची शिळाछापावरील प्रत तयार केली. ती या ग्रंथाची पहिली छापील आवृत्ति होय. तोंवर हस्तलिखित पोथ्यांत राहिलेला हा ग्रंथ त्यामुळें बाजारांतून विकत घेतां येऊं लागला. पुढच्याच वर्षीं, १८४६ च्या मे महिन्यांत, मुंबईस त्यांचें निधन झालें. वय चौतीस वर्षांचें.

त्यांच्यामागें त्यांचें काम थोड्या निराळ्या रूपानें पुढें चाललें. तरुणपणीं कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरी केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं युरोपीय ज्योतिषाच्या आधारें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८६५ च्या सुमारास त्यावरून केलेलें पंचांग निघूं लागलें. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यामुळें त्यास पटवर्धनी पंचांग म्हणत. आकाशांत ग्रह जेथें दिसतो तेथेंच तो या पंचांगांतही असे. परंतु रूढ पंचांगाशीं तें सर्वत्र जुळेना, आणि व्रत कोणत्या दिवशीं धरावयाचें हा वाद महाराष्ट्रांत पुढें कित्येक वर्षें चालला.