काँग्रेस रेडिओच्या उषा मेहता

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील न्यायाधीश होते. १९३२ मध्ये हे कुटुंब मुंबईस आले.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी व अन्य नेत्यांना अटक झाली, वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषाताईंनी सहकाऱ्यांसह गुप्त रेडिओ केंद्र उभारण्याचे ठरवले. तंत्रज्ञांनी प्रक्षेपक जुळवला आणि २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ ऐकू येऊ लागला. विदर्भातील आष्टी-चिमूर येथील अत्याचारांची दडपलेली बातमी या केंद्राने देशाला ऐकवली.

घरी जुळवलेला साधा रेडिओ संच लहरी केवळ पकडतो. त्याचा माग लागणे कठीण. प्रक्षेपक मात्र लहरी बाहेर सोडतो आणि त्या कोणत्या दिशेने येतात हे यंत्राने शोधता येते. पोलिसांच्या गाड्या त्याच शोधात फिरत. म्हणून प्रक्षेपक घरोघरी हलवावा लागे. यंत्र जुळवण्याहून हे काम अधिक जिकिरीचे होते!

अखेर एका तंत्रज्ञानेच पत्ता फोडला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात छापा पडला. त्या वेळी वंदे मातरमची ध्वनिमुद्रिका लागली होती. पोलिसांनी सांगूनही उषाताईंनी ती थांबवली नाही. चौकशीत परदेशी शिक्षणाचे आमिष दाखवले गेले, तरी त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा होऊन त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या व १९४६ मध्ये सुटल्या.

पुढे त्यांनी गांधीविचारांवर संशोधन व अध्यापन केले. ऑगस्ट २००० मध्ये, अंगात ताप असतानाही, त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमास गेल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.