बाबासाहेबांचा मोझेस

आमच्या पांढरकवड्याहून दीक्षाभूमी दीडेकशे किलोमीटर. हैदराबाद-नागपूर रस्त्याने आम्ही दिवस मावळायच्या आत पोहोचतो. बाबासाहेबांना तिथवर पोहोचायला 21 वर्षे लागली. 1935 साली येवल्यात घोषणा, 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा.

प्रवासाचे चटके त्यांनी लहानपणीच सोसले होते. 1901 साली मसूर स्टेशनवरून कोरेगावला वडिलांकडे जाताना या पोरांना रात्रभर कोणी पाणी दिले नाही.

1941 साली त्यांनी ‘बॉम्बे सेंटिनेल’मध्ये मोझेसवर लेख लिहिला. आमच्या व्याख्यानांत तो फारसा ऐकू येत नाही. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथात मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून बाहेर काढतो. पुढे वाळवंट लागते. भूक लागताच तेच लोक त्याच्यावर उलटतात, त्यांना गुलामीतली मांसाची भांडी आठवतात. तो पर्वतावर गेला की मागे सोन्याचे वासरू पुजतात! तरी तो त्यांना सोडत नाही. बाबासाहेबांना या कथेत अस्पृश्यांसाठी आशा दिसली. ती चमत्कारांत खचितच नव्हती.

पुढे त्यांच्याही वाट्याला तेच आले. 1952 ला मुंबईत, 1954 ला आपल्याच विदर्भात, भंडाऱ्यात, ते निवडणूक हरले. मार्च 1956 मध्ये आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांनीच दगा दिल्याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले. शरीर थकलेले होते. तरीही सात महिन्यांनी ते नागपुरात उभे राहिले.

मोझेसने ती भूमी डोंगरावरून नुसती पाहिली. बाबासाहेब दीक्षेनंतर 53 दिवस जगले. त्यातला एक दिवस, 16 ऑक्टोबर, त्यांनी आमच्या शेजारच्या चांद्याला दिला.